तोंडी हुकूम आणि कोहक्यातला हॉल

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. ना खून, ना दरोडा. कोहका या वस्तीतल्या एका भाड्याच्या हॉलची गोष्ट. पण अख्ख्या नोकरीत इतका धास्तावलो नव्हतो.

मी ठाण्याचा प्रभारी होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एके दिवशी जिल्ह्याच्या एका बड्या अधिकाऱ्याचा फोन आला. कंत्राटी कामावर जखमी झालेल्या मजुरांचे भरपाईचे अर्ज भरून देणारी एक संस्था कोहक्यात आहे, तिच्यावर जरा लक्ष असू द्या, एवढंच बोलणं. कारण मी विचारलं नाही. आमच्या खात्यात ती सवय लागतच नाही. एका शिपायाला संस्थेच्या हॉलसमोरच्या पानठेल्यावर बसवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

दहा दिवसांनी हॉलचे मालक अर्ज घेऊन आले. इथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त, मूळचे भंडाऱ्याकडचे, हॉलच्याच वरच्या मजल्यावर राहणारे. भाडेकरूंच्या हालचाली संशयास्पद आहेत, हॉल रिकामा करून मिळावा, असा अर्ज. करार नोंदणीकृत, पाच वर्षांचा. त्यातलं दीडच वर्ष सरलेलं.

संस्था चालवणाऱ्या बाईंना बोलावलं. बसा म्हटलं तरी त्या उभ्याच राहिल्या. कराराची प्रत टेबलावर ठेवून म्हणाल्या, "साहेब, आमी केलं काय, ते तं अर्जात लिवलंच नाई. आमच्याकडं येते त्यायपैकी कोणाचा पाय गेला, कोणाची कंबर. तळमजला पाहूनच हा हॉल घेतला. आता यायले घेऊन मी कुठी जाऊ?"

मग मालकांना एकट्याला समोर बसवलं. खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो. घाबरलेला एकच वाक्य घोळवतो. हे चार वेळा म्हणाले, "मले हॉल खाली पाह्यजे." कुणीतरी दमदाटी केली असणार, अशी माझी खात्री झाली.

"कोणं धमकावलं, काकाजी? नाव सांगा. मी आहो नं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "धमकी कोणीच नाई देल्ली साहेब. देल्ली असती तं जबाब देल्ला असता. तुमचा शिपाई दहा दिवसापासून घरासमोर बसून राहिला. कावून बसला, सांगत नाई. माही बाई भाजी घ्याले बाहीर निंगत नाई."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मला लाज वाटली, आणि लगेच भीतीही वाटली.

ठाण्यातून कुणीही कामावर निघाला तर रोजनामच्यात त्याची रवानगी लिहावी लागते. या शिपायाची नोंदच नव्हती; उद्या विचारणा झाली तर तो मी मनानेच बसवला असं ठरलं असतं. मी मोहर्रिरला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, लिहायला बसवलं: अमुक कार्यालयातून फोन, तोंडी हुकूम, त्यावरून शिपाई बसवला, आज परत बोलावला, अर्जदाराचा जबाब घेतला, बाब दिवाणी, पोलिसांचा हस्तक्षेप नाही. त्याचं पेन थांबलं.

"सर, फोन भी लिखना है?"

"लिख."

दुपारी त्या अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला, शिपाई का उठवला म्हणून. मी म्हणालो, "सर, लेखी आदेश पाठवा, तामील करतो." पलीकडून फोन ठेवला गेला. लेखी काही आलं नाही. महिनाभरात माझ्या बदलीचा कागद मात्र आला.

शिपाई उठल्यावर मी समजावलं, तेव्हा काकांनी अर्ज मागे घेतला. सही करताना म्हणाले, "तुमी म्हणता म्हणून ठेवतो साहेब. उद्या दुसरा साहेब म्हणन, काढा. मंग हॉल कोणाचा?"

करार संपेपर्यंत संस्था तिथेच राहिली. पुढे काकांनी तो वाढवला नाही. निवृत्तीनंतर बाजारात भेटले, तेव्हा मी विचारलं, "कोणाचा फोन आला होता का?"

"नाई साहेब," ते म्हणाले. "मलेच नको वाटलं."

संस्था आता जुनवानी वस्तीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. मागे एकदा गेलो, तर एक माणूस पायऱ्यांवर बसून, पाठमोरा, हाताने रेटा देत वर सरकत होता. पोलिसाने कुणाच्या दारासमोर माणूस बसवायचा तर आधी हुकूम लेखी मागावा, हे मी शिकलो. मी ते शिकेपर्यंत शिपायाचे दहा दिवस बसून झाले होते; या माणसाच्या वाट्याला जिना आला तो त्यातूनच.