दत्ताभाऊंचं रक्त खरं बोलत होतं

दत्ताभाऊंना रॉडने मारलं चौघांनी. भाऊंच्या रक्ताचा रिपोर्ट खोटा ठरवला मी.

आज वर्ष झालं.

तळवड्यात आमची छोटी कंपनी. दत्ताभाऊ चऱ्होलीचे, आमचे लॅब टेक्निशियन. DNA च्या धाग्यांना घड्या घालून आम्ही चिमटे बनवतो, साध्या मायक्रोस्कोपलाही न दिसणारे. डोक्याला जबर मार लागला की मेंदूतलं एक प्रोटीन रक्तात उतरतं. चिमटे लावलेल्या टेस्टच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा; चिमट्यांनी ते प्रोटीन पकडलं की पट्टी हिरवी चमकते.

वर्षापूर्वी, त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चाकण रोडला एक टेम्पो कारला घासला.
कारमधून चौघे उतरले. टेम्पोवाल्याला केस धरून खाली ओढलं, तोंड डांबरावर आपटलं. तो पडला तरी लाथा चालूच.
लोक व्हिडिओ काढत होते. दत्ताभाऊ बाइक लावून मध्ये पडले.
पहिला रॉड खांद्यावर बसला.
दुसरा कानामागे.

टेम्पोवाला वाचला.

सकाळी भाऊ नेहमीसारखे कामावर. कानामागे हे एवढं टेंगूळ, एक डोळा लाल. हे सगळं त्यांनीच सांगितलं, हसत. मी हॉस्पिटलला चला म्हणाले, तर त्यांनी बोट पुढे केलं.
"ताई, आपली पट्टी हाय की. टोचा."

पट्टी हिरवीगार झाली.

पण त्या आठवड्यात आमची पट्ट्यांची बॅच धडधाकट माणसांच्या रक्तावरही चमकत होती.
"बॅच खराब आहे, भाऊ. दुपारी नवीन लावू," मी म्हणाले.
"व्हय, लावू की," म्हणाले आणि कामाला लागले.

अकराच्या सुमारास बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला. आम्ही दार तोडलं. भाऊ उलटीत पडले होते, हातपाय झटके देत होते, नाकातून रक्त. मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. अँब्युलन्समध्येच गेले.

सकाळीच का नाही आणलंत, असं डॉक्टरांनी विचारलं.

फ्रीजमध्ये त्यांच्या रक्ताचा थेंब उरला होता. आठवड्याने त्याच्यावर चांगली बॅच लावून पाहिली.
हिरवी.

वहिनींना घरी जाऊन सगळं सांगितलं.
"त्यांनी तुमच्या भरवशावर बोट दिलं व्हतं," म्हणाल्या, आणि दार लावलं.

त्या चौघांना त्याच रॉडने फोडून काढावं असं अजून वाटतं. माझं काय करावं, ते कळत नाही.

आता लॅबमध्ये कुणाचीही पट्टी चमकली की आधी त्याला हॉस्पिटलला नेतो. बॅचचं नंतर बघतो.

दत्ताभाऊ, तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.