आकडीचा हिसका
धुकं दाट होतं, म्हणून त्या सकाळी वहिनी कचरा डेपोवर हातानं चाचपूनच प्लास्टिक निवडत होती. शेजारी कचरा जाळायची भट्टी होणार होती. सगळा कचरा तिच्यात गेला की कचरा वेचून जगणाऱ्या वस्तीच्या वाट्याला नुसता धूर उरणार होता.

उन्हं वर आल्यावर वस्ती भट्टीच्या जागेच्या फाटकावर चालून गेली. फाटकात वहिनीचाच दीर गळ्यात शिट्टी अडकवून, काठी घेऊन उभा. कालच पहाऱ्याच्या नोकरीला लागला होता.

"वहिनी, मागं हो. माझी नोकरी घालवशील."

"तू शिट्टी वाजव बाबा. आमची पोटं भरतील तिच्यावर."

लोक हसले. चिडून त्यानं काठी हाणली, ती शेजारच्या म्हातारीचं कपाळ फोडून गेली. वहिनीनं पोती ओढायची आकडी उगारली. तिला फक्त काठी हिसकायची होती, पण आकडी त्याच्या दंडात रुतली. रुतली की मनगट फिरवून हिसका द्यायचा, ही हाताची रोजची सवय. मांस फाटलं. दीर कोसळला आणि लोक त्याला तुडवत आत घुसले.

वहिनी त्याच्यावर आडवी पडली. पाठीत लाथा बसत होत्या.

"माझ्या याच हाताला धरून चालायला शिकवलंस मला," तो कण्हला.

"गप पड. हलू नकोस."

हातगाडीवरून त्याला दवाखान्यात पोचवून ती घरी आली. हात धुतले आणि त्याच्याही वाटचे तांदूळ निवडायला बसली.