मोबाइलातला हुंकार

माझी सून पंचशीला आमच्या पाली गावच्या वाचनालयात काम करती. वाचनालय म्हंजे काय, विहाराला लागून एक खोली, चार कपाटं आन् म्होरं ओटा. दुपारी आमी बाया त्या ओट्यावर बसायचो आन् ती वाचून दाखवायची. पावसाळ्यात वर्षावास लागला की धम्माचा ग्रंथ, बाकी वर्षभर गोष्टी. मला अक्षर येत न्हाई. मेंढरामागं फिरणाऱ्या रतनबाईलाबी येत न्हाई. मेंढरं लेकाच्या हवाली करून ती येती, पण येती.

आमच्यात वाचणाऱ्याला हुंकार द्यायची रीत हाय. वाक्य संपलं की "हं" म्हणायचं, म्हंजे बाया जाग्या हायेत हे वाचणाऱ्याला कळतं. हुंकाराचा मान माझा. रतनबाई मधीच घुसती, ती गोष्ट येगळी.

तर पंचशीलाचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी असंल. काढे झाले, हळदीचं दूध झालं, फरक न्हाई. शेवटी बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आवाज निघतो तिथंच गाठ हाय. ऑपरेशन करू, पण आवाज पयल्यासारका येईलच असं आताच सांगता येत न्हाई. तवर बोलणं कमी करा.

बाई गं, त्या दिवसापासून हिच्या पायाला भिंगरीच लागली! घडीभर एका जागी बसंना. तव्यावर भाकर जळायची आन् ही मोबाइलात डोकं घालून उभी. माझा लेक संजय एकदा म्हणाला, "आगं, वाचन थोडे दिवस बंद ऱ्हायलं तर काय आभाळ कोसळतंय?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्याबिगर चालतं, हे तुमाला लई लवकर कळलं!" संजयनं पायात चपला सरकवल्या आन् भाइर गेला.

मग माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, मी दुसरं काय करते हो? वाचते. तेच गेलं तर कपाटाला कुलूप लावणारी बाई, एवढीच उरते मी."

मला गोड बोलायला कुठं येतंय! मी म्हनलं, "भाकर उलट आधी."

तिनं एक ॲप काढलं. पानाचा फोटो काढायचा की मोबाइलातली बाई वाचती. वाचायला लागली, पण काय ती तऱ्हा! पानाचा आकडाबी वाचती, वर छापलेलं पुस्तकाचं नावबी वाचती. गोष्टीतला नवरा मरायला टेकलाय आन् ही मधीच म्हणती, एकशे बारा. रतनबाई हसून आडवी झाली. वर थांबायचं ठाऊकच न्हाई. मी "हं" म्हणायला तोंड उघडावं तर ही बया दोन वाक्यं पुढं! दोनचार दिवसांत बाया यायच्या बंद झाल्या.

पंचशीला आणखीच बेजार. मग तिला इंटरनेटवर दुसरंच काय तरी घावलं. आपला आवाज द्यायचा, मग त्याच आवाजात मशीन काहीबी वाचतं. पण आताचा घोगरा आवाज कसा चालंल? तर मागच्या वर्षावासात माझ्या पुण्याच्या लेकीला पाठवायला तिनं ग्रंथाचं वाचन मोबाइलात भरून ठेवलं होतं, ते दिलं. रेंज मिळंना म्हणून धरणाकडच्या चढावर जाऊन बसायची. येताना तोंड उतरलेलं असायचं, दुसऱ्या दिवशी परत हजर.

एक दिवस पळतच आली. आमाला ओट्यावर बसवलं, मोबाइल मधी ठेवला. आन् आवाज आला, तिचाच, पयला, सोच्छ! माझ्या डोळ्याला धारच लागली.

वाक्य संपलं. मोबाइल म्हणाला, "हं."

मी तर तोंड उघडलंबी नव्हतं! थोड्या वेळानं परत, "हं." माझाच फाटका आवाज. वाचन भरून घेताना मी पुढ्यातच बसलेली होते ना, त्या मशीनला वाटलं, हेबी हिच्या वाचण्यातलंच. मशीन कधी हुंकार द्यायचं, कधी चुकवायचं, पण द्यायचं.

"भामाबाई, आता तुमी घरीच बसा," रतनबाई म्हणाली. "तुमचं काम मोबाइल करतोय!"

"मेल्यानं माझा हुंकार चोरला!" मी वरडले. "माझा हुंकार मी देईन!"

"आत्या, तुमी कशाला इतक्या जोरात देता?" पंचशीला रडकुंडीला आली. दुपारभर ते पुसायची खटपट चालली तिची. निघंना.

मी तणतणत घरी आले. खरं सांगते, राग मोबाइलचा नव्हताच. माझी सून मुकी व्हईल याचं भ्या वाटत होतं. आन् भ्या वाटलं की मला वरडायलाच येतं.

ऑपरेशन झालं. आठवडाभर तोंडातून सूर काढायचा न्हाई, कुजबुजायचंबी न्हाई. संजयनं लिहायला पाटी आणून दिली. शाणाच हाय! मला वाचता येतंय व्हय? घरात एक बोलंना, एकीला वाचता येईना. ती भांडी आपटायची, मी दारं.

चौथ्या दिवशी तिनं माझा दंड धरला आन् ओट्यावर ओढून नेलं. रतनबाईला निरोप धाडलेलाच होता. मोबाइल मधी ठेवला आन् ही माझ्या बाजूला बसली. इतक्या वर्षांत पयल्यांदा ती ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसली.

तिच्याच आवाजात गोष्ट सुरू झाली. एक म्हातारी एसटी स्टँडवर लेकीची वाट बघत बसलेली. मोबाइल मधी मधी "हं" म्हणत होता. मी हट्टानं तोंड मिटून बसले. शेवटची गाडी आली. सगळी माणसं उतरली. लेक उतरली न्हाई.

मोबाइलनं नेमका तिथंच हुंकार चुकवला.

"हं."

माझा नव्हता. रतनबाईचा नव्हता. बारका होता, पण घोगरा न्हाई, फाटका न्हाई. मी वळून बघितलं. पंचशीला तोंडावर हात दाबून बसलेली, डोळे हे एवढे मोठे.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "तोंड मिट! डॉक्टरनं काय सांगितलंय तुला?" म्हणता म्हणता तोच हात मी तिच्या पाठीवरनं फिरवायला लागले. रतनबाई पदरानं डोळे पुसत होती आन् मलाच म्हणत होती, गप बसा की हो.

मोबाइल आपला वाचतच होता. पुढचं वाक्य संपलं तसा मी हुंकार दिला. चांगला ठणकावून दिला, मोबाइलच्या आधी.