भूकंपानंतरचा पाव

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या आमच्या दवाखान्यात तोमासामावशी सव्वीस वर्षं फरशी पुसते आहे. दोन मोठे भूकंप तिने पाहिले आणि दोन्ही वेळा जमीन थांबताच ती आधी बेकरीकडे धावली; तेव्हापासून एक पाव जवळच बाळगते. घाबरलेल्या माणसाला पाव खाऊ घालायचा, हे आमच्याकडे सगळेच करतात, पण हिच्याइतकं हट्टाने कोणी नाही.

त्या सकाळी लिबोरिया नावाची बाई एका चाचणीसाठी उपाशीपोटी खाटेवर होती. एका हातात इन्शुलिनची नळी, आणि रक्तातली साखर उतरू नये म्हणून दुसऱ्यात साखरेच्या पाण्याची. इन्शुलिन वाढलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी किती हार्मोन तयार करतात, हे मी तासातासाला रक्त काढून मोजत होते. चौथ्या तासाला जमीन हलली. मी बाटल्या सावरायला कपाटाकडे धावले आणि परत येऊन बघते, तर लिबोरियाच्या तोंडात पाव!

"मावशी, डोकं फिरलंय का तुझं? चार तासांची मेहनत मातीत घातलीस!"

"पोरगी पांढरीफटक पडली होती. तशीच ठेवू?"

डॉक्टर दारातून म्हणाले, "तिच्यावर कशाला ओरडतेस? माणूस घाबरला की त्या ग्रंथी हार्मोनचा नुसता पूर सोडतात. जमीन हलली तेव्हाच चाचणी वाया गेली."

म्हणजे या महिन्यात तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून! मी हातातला ट्रे आपटला. मावशीने एप्रनच्या खिशातून उरलेला अर्धा पाव काढून माझ्यापुढे धरला.

"सगळ्यात जास्त तू ओरडलीस. म्हणजे सगळ्यात जास्त तूच घाबरलीस. खा."