हडळीच्या तोंडी माझं नाव

खोलीतले सगळे हसत होते. आणि माझी आत्याही हसत होती.

ते हसत होते कारण पडद्यावर एक हडळ मेली होती. मोकळे केस, लोंबती जीभ, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं. बाण लागला की ती किंचाळायची आणि धूर होऊन जायची. आत्या हसत होती कारण स्पीकरमधून तिला तिचा आवाज ऐकू आलेला. तिला पडदा नीट दिसत नव्हता, आम्हाला मागच्या रांगेत बसवलेलं. तिने माझा हात दाबला.

"यो माजा आवाज हाय ना गो?"

हडळ पुन्हा आली. पुन्हा बाण. आणि या वेळी ती काय किंचाळते ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. ती माझं नाव घेत होती. लांबवून, चिरक्या आवाजात. पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून माझ्याकडे वळली आणि मग हसण्याला ऊतच आला.

हे ठाण्यातलं, वर्तकनगरमधलं. नव्वदनंतरची वर्षं. दोन फ्लॅट जोडून एक कंपनी निघालेली. ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. मराठीतून. आज याचं कुणाला काय कौतुक वाटणार? पण तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे क्लासमध्ये चपला बाहेर काढून हात लावायची वस्तू होती. डोंबिवलीच्या ज्या क्लासला मी जायचे तिथल्या मशीनवर या कंपनीचा पहिला खेळ होता. 'बुरूज' नावाचा. किल्ला राखायचा, शत्रूला चढू द्यायचं नाही, एवढंच. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची आणि आम्हाला भरून यायचं. क्लासमधल्या पोरापोरींनी मिळून मंडळच काढलं, बुरूज मंडळ.

खेळ सुरू होताना एक वाक्य यायचं. 'मित्रांनो, फ्लॉपीची कॉपी करू नका. आम्ही तुमचेच आहोत.' आम्ही ते पाळलं. जिथे पुस्तकापासून पिक्चरच्या कॅसेटपर्यंत सगळ्याची नक्कल मिळायची, तिथे आम्ही एक कॉपी काढली नाही. माझ्या चुलतभावाने चोरून काढली तर मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, ते आपले आहेत. आपल्याच माणसांना फसवतोस? तो म्हणाला, "तुला कोण विचारतं गं तिकडे?" मी त्याला वेड्यात काढलं.

कंपनी मंडळाला अधूनमधून बोलवायची. रविवारी यायचं, स्टुडिओ बघायचा, नवीन काय बनतंय ते बघायचं, मत सांगायचं. मालकाचं नाव हेमंत. पण तिथे साहेब, सर काही नव्हतं. हेमंतदादा म्हणायचं. गोरा, घारा, खांद्यावर हात ठेवून बोलणारा. "तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत," असं म्हणायचा. मला ते खरं वाटायचं. तिथे मी जपून, पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायचे. घरची बोली मानपाड्याच्या बसमध्ये चढले की सुरू व्हायची आणि ठाण्याला उतरले की बंद.

आमचं गाव डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या पुढे. आगऱ्यांचं. जमिनी कारखान्यांनी घेतल्या, उरलं ते गाव आणि नाल्याचा रंगीत पाण्याचा वास. कुणाला गाव सांगितलं की समोरचा आधी नाक वाकडं करायचा. हेमंतदादाने मात्र ऐकून डोळे मोठे केले.

"अरे वा! आमच्या पुढच्या खेळात खाडीकाठ आहे. तिकडचा अस्सल आवाज हवाय. गाणं वगैरे. कोण गातं का तुमच्याकडे?"

माझी आत्या गायची. ती धवलारीण होती. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते, आणि ती गाते तेव्हा मांडवात पाटील असो की सरपंच, कुणी मध्ये तोंड उघडत नाही. तिच्या तोंडून नवरीचं नाव निघालं की ती नवरी झाली. भट नंतर आले आमच्याकडे. आत्या आधीपासून होती.

हेमंतदादा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आला. आईने कोलंबीचं कालवण केलेलं. त्याने दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली. मग रेकॉर्डिंगला बसला. आत्या काही केल्या गाईना.

"मांडव नय, हलद नय, नवरी नय. मंग गाऊ कोनाला?"

धवला असा वाऱ्यावर सोडत नाहीत. त्यात नाव लागतं. हेमंतदादा माझ्याकडे बघायला लागला. मी आत्याला म्हटलं, माझं नाव घे. माझं लग्न ठरलेलंही नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग उठली, हात धुतले, देव्हाऱ्यापुढे दिवा लावला, मला समोर पाटावर बसवलं, कपाळाला हळद लावली.

"तुजा लगीन आजच लागला समज," म्हणाली, आणि गायली.

मी रडले. आई रडली. हेमंतदादाने डोळे पुसले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. जाताना आत्याच्या पाया पडला. "ताई, तुमच्या गाण्याचा मान राखू. विश्वास ठेवा."

आत्याने ठेवला. माझ्यावर ठेवला, म्हणून त्याच्यावर ठेवला.

खेळ तयार झाला तेव्हा मंडळाला बोलावणं आलं. आत्यालाही आण म्हणाला. तिने लग्नाला नेसायचं हिरवं लुगडं काढलं, नाकात नथ, आणि पहाटे उठून तांदळाचे वडे तळले. आमच्यात आनंदाला वडे करतात. डबा भरून घेतला, वरून फडकं बांधलं. दारावर एक मुलगी होती, तिने डबा हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "मच्छी नाही ना यात? एसी आहे आत." मी म्हटलं, वडे आहेत. तरी तिने तो दोन बोटांनी धरून चपलांच्या रॅकजवळ ठेवला. आत्याने ते बघितलं. म्हणाली, "ठेव गो, नंतर देतील सगल्यांना." तिला तसंच वाटलं.

आत हेमंतदादाने ओळख करून दिली. "ही आमची डोंबिवलीची फॅन. म्हणजे डोंबिवलीची नाही, डोंबिवलीच्या मागची." लोक हसले. मीही हसले. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

मग दिवे बंद झाले, पडदा उजळला, आणि हडळ आली.

दुसऱ्यांदा हसू उसळलं तेव्हा आत्या उठून पुढे गेली. रांगेतून वाट काढत, पडद्याच्या अगदी जवळ. निळा उजेड तिच्या नथीवर पडलेला. ती बघत राहिली. खेळणाऱ्या पोराने तिच्याकडे न बघता अजून एक बाण सोडला. हडळ तिच्या आवाजात किंचाळली. आत्या माझ्याकडे वळली. आता ती हसत नव्हती.

"लुगरा त आमचेसारखाच नेसलेय. कोन ती? कशाला मारतान तिला? आन तुजा नाव तिचे तोंडान कसा आला?"

ज्या गळ्याने अख्ख्या गावच्या पोरी नांदायला पाठवल्या तो गळा यांनी मधोमध चिरला होता. हळद लावून घेतलेलं नाव यांनी हडळीच्या जिभेवर ठेवलं होतं. आणि वर वेफर्सच्या बश्या फिरत होत्या.

कुणीतरी दिवे लावले. हेमंतदादा हसत हसत पुढे आला, हातात माईक. दर भेटीला तो फॅन लोकांचे दोन शब्द टेप करून ठेवायचा.

"घाबरू नका ताई, इफेक्ट आहे फक्त. थोडा पिच वाढवलाय. पण काय जबरदस्त रॉ आवाज आहे! आमच्या मुलींना शंभर वेळा किंचाळायला लावलं, जमलं नाही. तुमच्या लोकांच्या गळ्यात ते उपजतच असतं."

मग माईक माझ्यापुढे धरला. "बोल. तुझंच तर नाव आहे खेळात! कसं वाटतंय? स्पोर्टिंगली घे हां."

मी हळू आवाजात म्हटलं, "दादा, हे काढून टाका."

"अगं, फ्लॉप्या छापून झाल्या. पुढच्या वेळी बघू. आणि तूच तर घेऊन गेलेलीस आम्हाला." मग मंडळाकडे बघून, डोळे मिचकावून, "सेन्सिटिव्ह असतात ही माणसं."

मागून संजू बोलला. संजू माझा क्लासमधला मित्र, मंडळात माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून. "सोड ना यार, गेम आहे. नाटक नको. परत नाही बोलावणार आपल्याला."

त्या वाक्याने मला जाग आली. हेमंतदादाच्या नाही, संजूच्या. एवढ्यासाठी भ्यायचं? परत बोलावणार नाहीत म्हणून? मी इतकी वर्षं जीभ दुमडून, श ष स जपून यांच्याशी बोलत आले ते कशासाठी? यांनी मला आत घेतलं नव्हतंच. आवाज घेतला, बाई दाराशी ठेवली. त्या डब्यासारखी.

मी माईक त्याच्या हातातून घेतला. आणि त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या घरच्या बोलीत बोलले.

"हसू नका. यो माजे आत्याचा आवाज हाय. यो लग्नाचा गाना हाय. हलद लावून गायलेला. तुमी त्याची हडल केली. ह्यांचेवर इस्वास ठेवू नका. मी ठेवलेला."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही. हेमंतदादाचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्याने कोपऱ्यातल्या पोराला सांगितलं, "टेप बंद कर रे." गोड आवाज कुठच्या कुठे गेला. म्हणाला, "तुमच्यासाठी एवढं करतो आम्ही, आणि ही पद्धत?"

मी टेबलाखालचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. आत्याचा हात धरला. बाहेर रॅकजवळ डबा होता तसाच, फडक्याची गाठही सुटलेली नव्हती. शेजारी कुणाच्यातरी चपला. आत्याने डबा उचलला, पदराने पुसला. खाली उतरल्यावर रस्त्याच्या कडेला बसून आम्ही दोघींनी एकेक वडा खाल्ला. एकही यांच्यासाठी सोडला नाही.

मंडळातून माझं नाव गेलं. कुणी काढलं नाही, मला कळवणंच बंद झालं. खेळ मात्र चालला, क्लासाक्लासात. डोंबिवलीत रस्त्यावर मला बघून पोरं तसं चिरक्या आवाजात माझं नाव घ्यायची. चुलतभाऊ म्हणाला, त्यांच्या फ्लॉपीच्या ढिगाने कॉप्या काढून फुकट वाटतो, बसू दे फटका. मी त्याला थांबवलं. या वेळी त्यांच्यासाठी नाही. प्रत्येक कॉपीत आत्या पुन्हा मेली असती.

लोक मला विचारतात, तुला अपराधी वाटत नाही का, तूच नेलंस. नाही वाटत. विश्वास ठेवणं हा माझा गुन्हा नाही. तो मोडला त्याने मान खाली घालावी. तो कधी घालणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

माझं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळ्या बायका आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या. ती खांबाला टेकून बसलेली. आईने हात जोडले, तरी तिने मान हलवली.

"तुजा नाव माजे तोंडान नय येवाचा आता. त्यांनी बाटवला. मी गायली आन तुजेवर काय आला, त?"

शेजारच्या गावची धवलारीण आणली. ती चांगली गायली. माझ्या आत्याने मला वाढवलं, आणि माझ्या लग्नात ती पाठ फिरवून बसली. हे कुणी मला भरून देऊ शकत नाही. कुणी द्यायला आलंही नाही.

त्यानंतर घोडबंदर रोडच्या एका नव्या सोसायटीतला माणूस गावात आला. लोककलेचा कार्यक्रम करायचाय म्हणाला, धवला टेप करून हवाय. तोच गोडवा, तोच हात खांद्याकडे येणारा. मी दोन पावलं मागे झाले.

"काय वाजणार, कशावर वाजणार, कोण बघत असेल, ते आधी दाखव," मी म्हटलं. "तयार झालेलं आत्याला ऐकव. ती नको म्हणाली तर टेप इथेच तोडायची."

"असं कसं? विश्वास नाही का तुमचा आमच्यावर?"

"नय," मी म्हटलं.

तो गेला. पुढे जो येईल त्यालाही दारातच हे विचारलं जाईल, आणि विचारायला मी असेन. दाखवल्याशिवाय आमच्या घरातला एक सूर बाहेर जाणार नाही. मग येणारा दादा असो, साहेब असो, नाहीतर आमच्याच गावचा.