आधी एकटीला विचारा

हवालदार वासंतीबाई गेल्याचं मला मासळी बाजारात कळलं. बर्फवाला सहज बोलून गेला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मासे विकत राहिले... त्याला आता महिना झाला. त्या आजारी होत्या हे ठाऊक होतं, तरी भेटायला जाणं झालं नाही.

ओळख पोलीस ठाण्यातलीच. घोव मारायचा म्हणून मी तक्रार द्यायला गेले होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्यालाही बोलावलं, एकाच बाकड्यावर बसवलं आणि मला विचारलं, "मारता काय गो तुका?" त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी नाही म्हटलं. त्याला ग्रामदेवाची शपथ घालून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. ठाण्यात गेल्याचा मार मी घरी खाल्ला.

पुढे घरातल्या मारहाणीचा नवा कायदा आला आणि त्यांना ओरोसला प्रशिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर एक दिवस साध्या साडीत माझ्या टोपलीपुढे येऊन बसल्या.

"बांगडे कशे दिलंस?"

मी दर सांगितला.

"इतके? सोन्याचे आसत काय?"

शेजारची पारू म्हणाली, "पोलिसांक फुकटच व्हये!" त्या मोठ्याने हसल्या. मग मासे चाळता चाळता आवाज उतरवून म्हणाल्या, "थंय आमका शिकवल्यानी, बायलेक घोवासमोर इचारूचा नाय. आमी इतकी वर्सा उलटाच केला गो... आता सांग, परत हात उचलल्यान?"

घोव होडीवर होता. मी सगळं सांगितलं. कोर्टाच्या खेपा झाल्या आणि मला घराबाहेर काढता येणार नाही असा हुकूम मिळाला.

वासंतीबाईंनी मग ठाण्यातली अडगळीची खोली रिकामी करून घेतली, तिथे दोन खुर्च्या ठेवल्या. साहेब म्हणाले, "बाई, इथे हळदीकुंकू करणार की काय?"

परवा घराशेजारच्या सुनेला घेऊन तक्रार द्यायला ठाण्यात गेले. नव्या शिपायाने तिच्या नवऱ्यालाही बोलावून घेतलं आणि दोघांना बाकड्यावर बसा म्हणाला. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी म्हटलं, "साहेब, आधी तिका एकटीक इचारा. त्या खोलीत."

मग त्याने महिला शिपायाला हाक मारली. त्या दोघी आत गेल्या, दार लागलं. थोड्या वेळाने तिचा नवरा उठला. "इतको येळ काय सांगता ती?"

मी दारापुढेच जमिनीवर बसले. दमले होते, कंबर धरली होती.

"उठ गो काकी," नवरा म्हणाला.

आतून तिचा आवाज येऊ लागला होता... मी उठले नाही.