जंगलात न फुटलेली हाक

आमच्या वडगाव रासाईत ऊस वाढला की बिबट्याचा वावरही वाढतो. शेजारच्या वस्तीवरची कालवड त्यानं भरदिवसा ओढून नेली, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. आसपासच्या काही बाया तर गळ्यात खिळ्यांचा पट्टा अडकवून खुरपायला जातात. माझा सगळा भरवसा खंडोबावर. घास कापायला निघालं की बांधावरूनच मी मोठ्यानं ‘येळकोट येळकोट’ म्हणायचं आणि बरोबरच्या नातीनं तितक्याच मोठ्यानं ‘जय मल्हार’ म्हणायचं, अशी आमची रीत. माणसाचा आवाज आला की बिबट्या सरकतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण खरं सांगते, हाक देऊनही मी दहादा मागं वळून बघायचे. देव ऐकतो तरी का, की मी नुसतीच बिबट्याला ऐकवते आहे, असं मनात यायचं.

मुलगा रांजणगावला कंपनीत आहे. सुट्टी काढून त्यानं आम्हाला विदर्भातल्या वाघांच्या जंगलात न्यायचं ठरवलं. “आई, येकदा वाघच बघ, मंग बिबट्याचं काय वाटायचं न्हाई,” म्हणाला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण नात हट्टाला पेटली आणि मी गेले.

सकाळी उघड्या जिप्सीत बसलो. मुलगा पुढच्या बाकावर, मागे मी आणि नात. कडेची जागा तिनं भांडून घेतलेली. बरोबरची गाईड तिकडचीच एक तरुण बाई. “काही झालं तरी आवाज नका करू जी,” असं तिनं गेटवरच बजावलं होतं. आत गेल्यावर एका तळ्याच्या वळणावर गाडी बंद पडली. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता, गाडी नुसती खोकत होती, आणि समोरच्या बांबूतून वाघीण बाहेर आली. आमच्या गोठ्याच्या दारापासून गव्हाणीपर्यंत असतं तेवढंच अंतर, तेही नातीच्या बाजूला. पोरीला ओढून जवळ घ्यावं तर हात उचलेना.

अशा वेळी बजावलेलं कुठलं आठवतं? नात माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ अर्धवट उघडले होते. मी ‘येळकोट’ म्हटलं की तिची आरोळी तयार होती. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि हाक फुटलीच नाही. ओठ हलले, पण आवाज निघेना. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जन्मभर ज्याचं नाव घेतलं त्यानं ऐन वेळी वाचाच काढून घेतली. मग मात्र मी हात टेकले. देवा, माझ्याच्यानं काही होत नाही, पोर तुझी आहे, एवढंच मनात म्हणाले.

मी गप्प, म्हणून नातही गप्प राहिली. वाघीण आमच्यावर डोळे रोखून उभी होती. तेवढ्यात गाडीच्या मागून तिचं पिल्लू निघालं. ते तिथं आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चाकाला घासून ते आईकडे गेलं, तिनं त्याला चाटलं आणि दोघं बांबूत शिरली.

गाईडचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आजी, कोणी ओरडलं असतं ना जी, तर पिल्लापायी ती गाडीवरच आली असती,” ती म्हणाली. मुलगा म्हणाला, “आई, भ्यानं तुझी दातखीळ बसली व्हती.” असेलही. मी वाद घालत नाही. नातीला पोटाशी धरून मी पोटभर रडले.

भीती अजून गेलेली नाही. बांधावर उभी राहून मी आजही तितक्याच मोठ्यानं हाक देते, कारण बिबट्याला ती लागते. परवा घास कापता कापता नातीनं विचारलं, “आज्जे, आपलं वरडणं देवाला ऐकू जात आसंल का गं?”

मी म्हटलं, “ते न्हाई ठावं बाई. पन त्या दिशी आवाज निघंना, तवा त्याला ऐकू गेलं.”